पोत्याच्या टाक्याची कुंची

फाल्गुन सरायला लागला की आमच्या डोंगरावर काजूच्या बोंडांचा वास सुटतो. पिवळी-तांबडी बोंडं झाडाखाली पडून फुटलेली असतात, माश्या घोंगावत असतात आणि दुपारच्या उन्हात तो आंबूस वास घरात शिरून बसतो. पुण्या-मुंबईचे पाहुणे तोंडवलीचा समुद्र बघून परत जाताना आमच्या रस्त्यावर गाडी थांबवतात, काच खाली करतात आणि म्हणतात, "वा, काय छान वास आहे!" हा वास आला की मी माझे हात बघतो. बोटांची टोकं काळी पडायला लागलेली असतात, अंगठ्याची साल निघत असते. ओली काजूची बी फोडली की टरफलातून चीक उडतो. तो लागेल तिथे कातडं भाजतो. मृगापर्यंत असंच. तेवढे महिने माझे हात माझे नसतात, धंद्याचे असतात.

मी काजूचा व्यापारी. व्यापारी म्हणजे बापजाद्यांपासून गादीवर बसलेला नव्हे. दुसऱ्यांच्या डोंगरात बोंडं वेचायला जाणारा मुलगा होतो मी. खांद्यावर पोतं टाकून वाडीवाडीत फिरलो, मग सायकल घेतली, मग टेम्पो. आता आसपासच्या चार गावांची बी माझ्या खळ्यात उतरते. कोणी हात धरून वर आणलं नाही. जिभेने आणलं. शेतकरी मूठभर बी कानाशी हलवून म्हणायचा, "अण्णा, बघा तरी, कशी वाजता! खडखडीत सुकी." मी म्हणायचो, "वाजता ती आत पोकळ आसा म्हणान." सुकी आहे म्हणून वाजते हे मलाही ठाऊक असायचं. पण समोरच्याचा मुद्दा तो बोलण्याआधी मोडायचा, माल हातात ठेवायचा आणि तो नमेपर्यंत सोडायचा नाही, ही माझी रीत. या रीतीवर मी घर बांधलं. आणि आता त्या घरात मी एकटा राहतो.

माझी बायको सुलभा असताना या दिवसांत घरात एकच हुकूम चालायचा. मी खळ्यातून आलो की ती पडवीच्या पायरीवर आडवी उभी राहायची.

"आधी हात."

तांब्यात कोमट पाणी, वाटीत खोबरेल, करवंटीत चुलीची राख. आधी तेल चोळायचं, मग राख, मग शिकेकाई, मग पाणी. पुन्हा तेल. रेश्मा तान्ही होती तेव्हा एकदा मी तसाच पाळण्याशी गेलो, तर सुलभाने माझं मनगट धरलं. चारचौघांत माझ्यापुढे मान वर न करणारी बाई, पण त्या वेळी तिचे डोळे बघायला हवे होते. "अवो, आधी हात धुवा, मगे चेडवाक हात लावा." मला राग यायचा. मुलगी माझी, घर माझं, आणि मी चोरासारखा उभा. मग मी हात पाठीमागे बांधायचो आणि लांबूनच बघायचो. सुलभा तिला उचलून माझ्यासमोर धरायची, "बघ गो, बाबा." रेश्माच्या पहिल्या वर्षातल्या उन्हाळ्याची माझ्याकडे एवढीच आठवण आहे. समोर हसणारं तोंड आणि पाठीमागे बांधलेले हात.

त्या दिवसांत सुलभा एक हिरवी सुती साडी नेसायची. लाल काठाची. नवी होती तेव्हा कडक होती, कुडाळच्या बाजारात मीच घासाघीस करून घेतली होती, दुकानदार शेवटी हात जोडून म्हणाला होता, "न्या बाबा, पण परत येऊ नका." धुऊन धुऊन ती इतकी मऊ झाली की दांडीवर वाळत घातली तर वारा नसतानाही हलायची. रेश्मा तिच्या पदरात तोंड खुपसून झोपायची. मोठी झाली, कॉलेजात जायला लागली, तरी ताप आला की तीच साडी पांघरायला घ्यायची. सुलभा गेली तेव्हा ट्रंकेत बऱ्याच साड्या होत्या. पण हिरवी एकच होती.

रेश्माचं लग्न सुलभा गेल्यावर दीड वर्षाने झालं. सासर सावंतवाडीचं, शिक्षकांचं घर. बोलणं स्वच्छ, हसणं बेताचं. लग्नाच्या दिवशी जेवणावळीत आचाऱ्याने भात कमी टाकला म्हणून मी त्याला मंडपातच धरला. माझा आवाज मोठा आहे, त्याला मी काय करणार? व्याही मंडळी पानावर बसलेली. रेश्मा हळदीच्या हातांनी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाबा, आजच्या दिवस तरी ह्या नको. माका लाज वाटता."

लाज. हा शब्द मी अजून गिळलेला नाही. ज्या घासाघिशीवर तिचं शिक्षण झालं, तिची तिला लाज.

पाठवणीच्या वेळी ती ट्रंकेपाशी गेली. "बाबा, आवशीची हिरवी साडी माका दी."

मी म्हणालो, "आधी बरा बोलूक शिक. मगे गावतली."

ती थांबली. वाटलं, आता म्हणेल, चुकलं बाबा. एवढंच हवं होतं मला, एक वाक्य. ती वाकून नमस्कार करून गाडीत बसली. साडी माझ्याकडे राहिली. मला वाटलं, बरं झालं, साडी आहे तोवर ती येईल. माल हातात असला की गिऱ्हाईक परत येतं.

ती आली नाही. सणाला नवऱ्याबरोबर यायची, दुपारचं जेवून निघायची. मग दिवस राहिले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीत. सातव्या महिन्यात मी टेम्पो धुऊन, मागे गादी टाकून तिला आणायला गेलो. विहीणबाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमचं म्हणणं बरोबर आहे हो, पण तिकडे बाईमाणूस नाही कुणी. इथे माझी नजर राहील." मी रेश्माकडे बघितलं. तिने फरशीकडे बघितलं. बाईमाणूस नाही हे खरंच होतं. पण ते कारण नव्हतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. टेम्पोतली गादी तशीच घेऊन मी परत आलो.

आणि मग मला ती अक्कल सुचली.

बाळाची कुंची आजोळहून जायची असते. आईची आई शिवते, जुन्या मऊ कपड्याची, कारण तान्ह्याच्या अंगाला नवं कापड बोचतं. डोक्यावर टोपरं आणि मागे पाठीवर सोडलेला झोळ. मी ठरवलं, बाईमाणूस नाही म्हणता काय? बाईमाणूस करतं ते मी करून दाखवतो. तेही सुलभाच्या हिरव्या साडीचं. बारशाला सगळ्यांच्या देखत रेश्माच्या हातात ठेवतो. मग बघू, मान वर करते की नाही. खरं सांगायचं तर मी कुंची शिवत नव्हतोच, सौदा करत होतो. साडी देणार होतो आणि मुलगी परत घेणार होतो.

चैत्राची दुपार. खळ्यातली माणसं जेवून आडवी झालेली. मी पडवीत साडी पसरली. माप कशाचं घ्यायचं? तान्ह्या पोराचं डोकं केवढं असतं हे मला ठाऊक नव्हतं, कारण सुलभाने मला हात लावू दिला नव्हता. मग सोललेल्या नारळांतून एक लहानसा निवडला. त्यावर साडी टाकली आणि कात्री लावली. साडीचा मधला भाग सगळ्यांत मऊ, म्हणून मधूनच कापलं. पोत्यांच्या तोंडाची सुतळी कापायची कात्री ती. कापताना आवाज आला, बारीक, फटकन. त्या आवाजाने मी एक क्षण थांबलो होतो, हे मला आठवतं. मग पुढे कापत गेलो.

शिवायला मला एकच टाका येतो. पोत्याचा. दाभण घालायचं, आवळायचं, पुन्हा घालायचं. दाभणाऐवजी सुई घेतली एवढंच. पहिल्या दिवशी टोपराच्या चुण्या इतक्या आवळल्या की नारळावरही बसेना. उसवलं. दुसऱ्या दिवशी काठ उलटा लागला. उसवलं. बोटं जाड, सुई निसटायची, घामाने दोरा काळा व्हायचा. सकाळभर गिऱ्हाइकांसमोर बी फोडून दाखवायची, जेवून उठलं की सुई धरायची.

शेजारची शालन रोज मधल्या दगडी गडग्यावरून बघायची. ती गावातल्या बायकांची पोलकी शिवते, माझ्याहून पुष्कळ धाकटी, सुलभाची मैत्रीण.

"अण्णा, कुंची शिवतास की पोत्याचा तोंड?"

"तुका काय करूचा आसा?"

"माझ्या मशीनवर दोन तासांत होतली. कित्याक डोळे फोडतास?"

"माका कोणाचे उपकार नको."

"उपकार कसले ओ? बरा, ऱ्हवला. पण हाताक खोबरेल तरी लावा. काजी फोडून तसेच बसलात. पोराच्या अंगाक लागतला ता."

"तीस वर्सा ह्या हातान धंदो केलो. माका शिकवतंस?"

ती वळली. जाताना म्हणाली, "सुलभावैनी असती तर तुमका पायरी चढूक दिली नसती." मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही.

हात मी धुतले होते. साबणाने. पाण्याने. पण ते तेल, ती राख, ते पुन्हा तेल, एवढं सगळं स्वतःच स्वतःला करायचं म्हणजे पायरीवर सुलभा उभी नाही हे रोज कबूल करायचं. ते मला जमत नव्हतं. हे कारण मी आज लिहितो आहे. तेव्हा मी एवढंच म्हणायचो, वेळ नाही.

बारशाला मी नवा सदरा घालून गेलो. पाळणा झेंडूने सजवला होता, बायका दाटीने बसल्या होत्या. नाव ठेवलं सई. मी पिशवीतून कुंची काढून रेश्माच्या हातात दिली आणि वाट बघत उभा राहिलो.

तिने ती उलटी केली, सुलटी केली. काठ ओळखला. बोटाने एकेक टाका चाचपत गेली. मग माझ्याकडे बघितलं.

"बाबा, ही आवशीची साडी मा?"

"तीच. तुका होयी होती ना?"

"माका अख्खी होयी होती."

एवढंच. ओरडली नाही, रडली नाही. बायकांच्या घोळक्यात ते वाक्य कुणाला ऐकूही गेलं नसेल. मग तिने कुंची उजेडाकडे धरली, नाकाशी नेली. काजूच्या घरात वाढलेली मुलगी ती. म्हणाली, "हेका चीक लागलो हा. मी पोराक घालूचंय नाय."

आणि माझं डोकं फिरलं. आठवडाभर बोटं टोचून घेतली होती मी. मी म्हणालो, मोठ्याने म्हणालो, की गरिबाची वस्तू नको असेल तर तसं सांग, चिकाचं नाव कशाला घेतेस. आजोळची कुंची परत करणारी तूच पहिली. बाप मेला म्हणून सांग सगळ्यांना, म्हणजे सुटलीस. सई दचकून रडायला लागली. विहीणबाई पुढे आल्या. त्या घरात आवाज चढलेला कुणाला चालत नाही. "असू दे गं रेश्मा. आजोबांनी स्वतः शिवलीय. घाल घटकाभर." त्यांनीच रेश्माच्या हातातून घेतली आणि बाळाला घातली. टोपरं घट्ट बसलं. कानाशी टाक्यांची रांग रुतत होती. मला काही दिसलं नाही. मला एवढंच दिसलं की माझंच म्हणणं वर राहिलं. परतीच्या एस्टीत मी खिडकीशी बसून जिंकल्यासारखा वारा खात आलो.

दुसऱ्या दिवशी जावयाचा फोन. नेहमीसारखा शांत. "बाळाच्या कानामागे आणि गालावर फोड आलेत. डॉक्टरांनी विचारलं, काही लागलं का. तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगतो."

त्या क्षणी मला सगळं कळलं होतं. फोन कानाशी होता आणि माझी काळी बोटं माझ्यासमोर होती. पण तोंडाने मी काय म्हणालो? "डास चावले असतील. तुमच्याकडे तळ्यामुळे डास फार." वर म्हणालो, "कसली कसली पावडर लावता तुम्ही, त्याचंही होतं." समोरच्याचा मुद्दा तो बोलण्याआधी मोडायचा. मागे सईचं रडणं ऐकू येत होतं. बारा-तेरा दिवसांच्या पोराचं रडणं मोठं नसतं. तुटक असतं, मांजराच्या पिल्लासारखं. ते मी मालाच्या बोलीसारखं वरच्या वर परतवून लावलं.

पंधरा दिवसांत पोर बरी झाली. डागही राहिला नाही म्हणतात. कुंची परत आली, मालवणला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती. त्यांनी ती स्वच्छ धुऊन पाठवली होती. चिकाचं असं आहे की कापडावर तो आधी दिसत नाही, धुतल्यावर दिसतो. हिरव्या कापडावर तपकिरी ठसे उठले होते. एक अंगठा, चार बोटं. कापड नीट धरावं म्हणून डाव्या हाताने मी जिथे दाबून ठेवत होतो, तिथेच. सोबत चिठ्ठी नव्हती. लागणारही नव्हती.

त्या दिवशी शालन न बोलावता आली. उरलेली साडी, पदर आणि दोन्ही टोकं, तिने उचलली आणि घरी नेली. दोनदा शिकेकाईत धुतली, सावलीत वाळवली, उजेडात धरून बघितली. एकही ठसा उठला नाही. स्वतःच्या हाताने ट्रंकेत ठेवून गेली, कुंची वेगळी पिशवीत बांधून वर. तेव्हापासून मी ट्रंक फक्त श्रावणात उघडतो, हातांना नवी कातडी आली की. उघडतो, बघतो, झाकण लावतो.

याला चार वर्षं झाली. मी सांगून बघितलं, निरोप धाडून बघितले, ओरडून बघितलं, गप्प राहून बघितलं. माझ्याकडे आणखी काही रीत नाही. गेल्या वर्षी याच दिवसांत मी सावंतवाडीला गेलो आणि तळ्याच्या कठड्यावर बसून राहिलो. पिशवीत निवडक काजूगर होते, एकसारख्या आकाराचे, अख्खे. चार वाजता विहीणबाई नातीला घेऊन आल्या. लाकडी खेळण्यांच्या दुकानासमोर पोर थांबली आणि लाकडी केळ्यासाठी हट्ट करायला लागली. दुकानदाराने नाही म्हटलं की ती तोंड फिरवून चालू लागायची, मग हळूच मागे बघायची, त्याने हाक मारली का म्हणून. ही तर माझी रीत. कुणी शिकवलं नव्हतं तिला. हाक मारावी म्हणून मी उठलो, तर नजर हातांवर गेली. चैत्र होता. मी हात पाठीमागे बांधले आणि ती वळून जाईपर्यंत तसाच उभा राहिलो. काजूगर परत घेऊन आलो. त्यांना पुढे कीड लागली.

लोकांना वाटतं अण्णा अजून तसाच आहे. खळ्यात माझा आवाज अजून चढतो. पण बी कानाशी धरली की आता मला ती वाजलेली ऐकूच येत नाही, एक बारीक फटकन आवाज येतो, कात्रीचा. अर्ध्या बोलण्यात मी शेतकऱ्याचं म्हणणं मान्य करून टाकतो आणि तो संशयाने बघतो, की अण्णाने यात काय काढलं असेल.

काल दुपारी शालन गडग्याशी आली. नेहमीसारखी तिथूनच बोलली नाही, पायरीशी येऊन उभी राहिली.

"रेश्माचो फोन इल्लो."

मी बी फोडत होतो. तसाच थांबलो. "तुका?"

"माका. दुसऱ्या खेपेक दिवस गेलेत. सातवो सरता."

"हयसर येता?"

"नाय ओ अण्णा. दुसरा बाळातपण सासरीच करतत. पण म्हणाली, आवशीच्या साडीचा जा काय उरला आसात, ता गावतला काय? पोराक गुंडाळूक."

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. मला ते दिसत होतं, वजन करून ठेवल्यासारखं. सांग तिका, स्वतः येऊन घेऊन जा. एवढी साडी माझ्याकडे आहे, शेवटची. ही गेली की माझ्याकडे तिला हवंसं काहीच उरत नाही. मग ती कशाला येईल? मी तोंड उघडलं. शालन माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या मागे पायरी होती, जिथे कोणी उभं नव्हतं.

"हात धुलंस?" मी विचारलं.

"मी काजी फोडूक नाय हां अण्णा," ती हसली. मग हसायची थांबली. न्हाणीघरात जाऊन हात धुऊन आली. खोबरेल लावून आली.

मी तिला ट्रंकेची किल्ली खुंटीवर आहे म्हणून सांगितलं. ती आत गेली, मी उंबऱ्याशी उभा राहिलो. झाकण करकरलं. वरच पिशवीत बांधलेली कुंची होती. तिने ती उचलून माझ्याकडे बघितलं. मी नको म्हणून मान हलवली. तिने ती बाजूला ठेवली. मग साडी निघाली. पदर तिच्या हातावरून खाली सुटला आणि वारा नसताना हलला. तिने घडी घातली, पुन्हा घातली, धुतलेल्या पंच्यात बांधली. त्या गाठोड्याचं वजन ते काय असणार? पण ती दोन्ही हातांनी ते माझ्यासमोर धरून उभी राहिली, जसं तान्हं पोर दाखवतात.

"निरोप काय सांगू तिका?"

माझे हात पाठीमागे होते. केव्हा गेले ते मला कळलं नव्हतं.

"सांग," मी म्हणालो, "बाबान हात लावूक नाय."